हलक्या विमानांची भारतीय रचना आणि विष्णू माधव घाटगे

विष्णू माधव घाटगे (२४ ऑक्टोबर १९०८ – ६ डिसेंबर १९९१) हे भारतातील पहिल्या पिढीचे विमानरचनाकार. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू हे त्यांचे जन्मगाव. एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान, पुष्पक हे दोन आसनी हलके विमान, त्याच घराण्यातले कृषक आणि किरण हे जेट प्रशिक्षण विमान ही त्यांच्या हाताखाली उभी राहिलेली कामे होत. त्याआधी युद्धकाळात त्यांनी दहा आसनांच्या ग्लायडरची रचना केली होती. भारतीय विमाननिर्मितीची चर्चा बहुधा लढाऊ विमानांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. वास्तविक देशाने विमानाची रचना करण्याची विद्या कमावली ती लहान, हलक्या, फार तर दोनचार माणसे वाहणाऱ्या विमानांवर. ही विद्या आली कुठून, तिच्यातून काय घडले आणि चांगली विमाने तयार होऊनही त्यांची परंपरा पुढे का चालली नाही, हे प्रश्न घाटगे यांच्या कारकिर्दीच्या आधारे पाहता येतात.

मराठी वाचकांमध्ये हा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हटकून येते. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या यंत्राचे मोजमाप, आराखडा किंवा उड्डाणाची विश्वासार्ह समकालीन नोंद मात्र हाती नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा आधार या कथेला दिला जातो, त्यातील विमानांचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ती विमाने उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांची जिज्ञासा खरी मानायला हरकत नाही. पण रचनेची परंपरा सुरू व्हायला मोजमाप मागे उरावे लागते. ऑटो लिलिएन्थाल या जर्मन अभियंत्याने नेमके तेच केले. त्याने १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरचा ग्रंथ आकडे आणि आलेखांसह छापला आणि १८९१ पासून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. त्यांची छायाचित्रेही काढून घेतली. ऑगस्ट १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून तो दगावला, परंतु राईट बंधूंना सुरुवात करायला त्याचे आकडे उपलब्ध होते.

इंजिन नसलेले विमान हवेत राहते कसे, हे बुलढाण्याच्या आसपास उघड्या डोळ्यांनी पाहता येते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. राजूर घाट उतरला की मोताळा, मलकापूरकडे पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे पसरते. चैत्र-वैशाखात नांगरून पडलेली काळी रानेही तापतात आणि घाटाचे उघडे खडकही तापतात. त्यांच्यावरची हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर चढू लागते. त्याशिवाय खोऱ्यातून येणारा वारा डोंगराच्या अंगाला भिडला की त्यालाही वर चढण्यावाचून वाट नसते. घारी घाटमाथ्यावर पंख न हलवता घिरट्या घालतात त्या या दोन प्रकारच्या चढत्या हवेच्या बळावर. घार स्वतः सतत खालीच घसरत असते. भोवतालची हवा तिच्या घसरण्यापेक्षा जास्त वेगाने वर जाते, म्हणून ती उंच जाताना दिसते. ग्लायडर आणि हँग ग्लायडर याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे रचनाकाराचे काम म्हणजे घसरण्याचा वेग जितका कमी करता येईल तितका कमी करणे. त्यासाठी वजन घटवायचे आणि हवेची ओढ घटवायची.

ओढ कशी घटवायची याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात जर्मनीतील गॉटिंगन येथे तयार झाले. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराची कल्पना मांडली: पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या अगदी पातळ थरातच घर्षणाचा सगळा व्यवहार चालतो. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पंखाच्या उचलीचा सिद्धान्त गणिताने बांधला. पंखाच्या टोकांशी खालची जास्त दाबाची हवा वर वळते, भोवरे निर्माण होतात आणि त्या भोवऱ्यांची किंमत विमानाला ओढीच्या रूपाने मोजावी लागते. पंख लांब आणि अरुंद केला तर ही किंमत कमी होते. आजच्या कोणत्याही ग्लायडरचे पंख काडीसारखे लांब असण्याचे कारण हेच. युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने घातली, तेव्हा तेथील तरुण अभियंते ऱ्हॉन डोंगरावर ग्लायडर घेऊन गेले. १९२० पासून तिथे दरवर्षी स्पर्धा होऊ लागल्या आणि दहा-बारा वर्षांत ग्लायडरची रचना प्रयोगशाळेतल्या शास्त्राच्या तोडीस आली.

घाटगे गॉटिंगनला पोचले ते या वातावरणात. त्यांनी प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. भारतात त्या वेळी विमानांचे कारखाने नव्हते. विमाने होती ती परदेशातून आलेली, आणि इथल्या माणसांच्या वाट्याला त्यांची दुरुस्ती आणि देखभाल येई. अशा देशात वायुगतिशास्त्राची पदवी घेऊन परतलेल्या माणसाला त्या विद्येचा उपयोग करायला जागा सापडणे हाच मोठा योगायोग होता, आणि तो योगायोग एका मराठी मुलखातल्या उद्योजकाने घडवून आणला.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. यंत्रे आणि जाणकार माणसे आणण्याचे काम अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांनी केले. १९४१ मध्ये हार्लो जातीची प्रशिक्षण विमाने जोडायला सुरुवात झाली. १९४२ मध्ये कंपनीचा ताबा सरकारने घेतला आणि जपानविरुद्धच्या युद्धात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचा तो मोठा तळ बनला. हे सगळे काम दुसऱ्याच्या आराखड्यावरचे. त्यात वेगळी उठून दिसते ती जी-१ या ग्लायडरची रचना. दहा माणसे नेऊ शकेल असे हे ग्लायडर सैनिकी वाहतुकीसाठी कल्पिलेले होते. घाटगे यांनी त्याची रचना केली आणि ते बंगळुरूतच बांधले गेले. त्याचे उत्पादन झाले नाही. तरीही भार, ताण, तोल आणि स्थैर्य यांचा हिशेब कोऱ्या कागदापासून सुरू करून प्रत्यक्ष उडणाऱ्या वस्तूपर्यंत नेण्याचा अनुभव या कामाने इथल्या माणसांना दिला. डिसेंबर १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याच्या आरंभीच्या अध्यापकांतही घाटगे होते. कारखाना आणि वर्ग यांच्यातले हे अंतर काही किलोमीटरांचेच होते, आणि पुढच्या दोन दशकांतील रचनाकारांची पिढी या दोहोंच्या जाण्यायेण्यातून घडली.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला प्राथमिक प्रशिक्षणासाठी टायगर मॉथची जागा घेणारे विमान हवे होते. टायगर मॉथ हे कापडाने मढवलेले, दोन मजली पंखांचे, तीसच्या दशकातले यंत्र. त्याच्या जागी घाटगे यांच्या तुकडीने मांडलेला एचटी-२ चा आराखडा पूर्ण धातूचा, एकपंखी, पंख खाली असलेला आणि दोन आसने एकामागे एक असलेला होता. पहिल्या नमुन्याला जिप्सी मेजर इंजिन लावले होते. ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते बंगळुरूहून उडवले. दुसऱ्या नमुन्यात आणि पुढच्या उत्पादनात १५५ अश्वशक्तीचे सायरस मेजर इंजिन आले. सुमारे १७० विमाने बांधली गेली, घानाच्या हवाई दलाने त्यातली बारा घेतली आणि भारतीय वैमानिकांच्या तीन पिढ्यांनी उड्डाणाचे पहिले धडे या विमानावर गिरवले.

प्रशिक्षण विमानाची रचना ही लढाऊ विमानाच्या रचनेची सोपी आवृत्ती समजली जाते, तो समज चुकीचा आहे. लढाऊ विमान निपुण माणसाच्या हाती जाते. प्रशिक्षण विमान ज्याला काहीच येत नाही त्याच्या हाती. विद्यार्थी नाक जास्त वर उचलणार, वेग गमावणार, विमान स्टॉल होणार, म्हणजे पंखांची उचल तुटणार, आणि ते गिरक्या घेत खाली येऊ लागणार, हे गृहीत धरूनच पंखाचा आकार, शेपटीचे क्षेत्रफळ आणि सुकाणूची जागा ठरवावी लागते. विमान या चुकांची आधी सूचना देणारे हवे आणि गिरकीतून बाहेर काढता येणारे हवे. पण ते इतके माफ करणारेही नको की विद्यार्थी चूक ओळखायलाच शिकणार नाही. शिवाय कठीण उतरणे रोज सोसणारी चाके हवीत आणि छावणीतल्या साध्या हत्यारांनी दुरुस्त होईल असा सांगाडा हवा. पहिलेच स्वदेशी विमान या प्रकारचे निवडले गेले आणि ते चार दशकांच्या आसपास सेवेत राहिले, ही घाटगे यांच्या कारकिर्दीतील सर्वांत भक्कम गोष्ट म्हणावी लागेल.

पुष्पकचा प्रश्न निराळा होता. हे विमान हवाई दलासाठी नसून फ्लाइंग क्लबांसाठी होते. त्याची अधिकृत खूण एचयूएल-२६, म्हणजे हिंदुस्थान अल्ट्रा लाइट. आज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांच्या मानाने ते बरेच जड, पण त्या काळच्या भारतातील सर्वांत हलक्या वर्गातले होते. २८ सप्टेंबर १९५८ रोजी ते प्रथम उडाले. पंख वरच्या बाजूला, आसने शेजारीशेजारी, ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन आणि अमेरिकेच्या एरोन्का चीफशी जवळचे साम्य अशी त्याची ठेवण. ते साम्य लपवण्याचे कारण नाही. स्वस्त क्लब-विमानाचा एक पारखलेला साचा जगात उपलब्ध असताना त्यापासून दूर जाण्यात काही मिळणार नव्हते.

या विमानाचा हिशेब मांडून पाहिला की हलक्या विमानाच्या रचनाकाराची अडचण कळते. रिकाम्या पुष्पकचे वजन सुमारे ३९५ किलो आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ६१२ किलो. म्हणजे माणसे, पेट्रोल आणि सामान मिळून २१७ किलो. ७५ किलोंची दोन माणसे बसली की उरले ६७ किलो, आणि त्यातच सगळे इंधन. सांगाडा दहा किलोंनी जड झाला तर ते दहा किलो पेट्रोलमधून वजा होतात आणि विमान तितके कमी वेळ हवेत राहते. म्हणून धडाला पोलादी नळ्यांचा वेल्ड केलेला पिंजरा आणि त्यावर कापड. कापड सांगाड्यावर ताणून शिवायचे, मग त्यावर डोप नावाच्या द्रवाचे हात द्यायचे. डोप वाळताना कापड आकसते आणि ढोलाच्या कातड्यासारखे टणक होते. पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो आणि पत्र्याचे वजन वाचते. याची दुसरी बाजू अशी की ऊन आणि दमटपणा कापड खातात. हँगरमध्ये न ठेवता उघड्यावर राहिलेल्या विमानाचे कापड लवकर बदलावे लागते, आणि ते काम जाणणारे हात क्लबाजवळ असावे लागतात. अशी सुमारे दीडशे विमाने बांधली गेली आणि साठ-सत्तरच्या दशकांत देशभरच्या क्लबांत नागरी वैमानिक त्यांवर शिकले.

कृषक हे पुष्पकचेच वाढवलेले रूप. २२५ अश्वशक्तीचे इंजिन लावलेले हे विमान नोव्हेंबर १९५९ मध्ये उडाले. नाव शेतकऱ्याचे असले तरी ते वापरले गेले लष्कराच्या तोफखान्यासाठी, वरून निरीक्षण करायला. सत्तरच्या आसपास विमाने बनली आणि नंतर हेलिकॉप्टरांनी त्यांची जागा घेतली. शेतीसाठी खरोखर बनवलेले विमान म्हणजे बसंत: ४०० अश्वशक्तीचे, एका आसनाचे, फवारणीची टाकी वाहणारे. त्याचा सुधारित नमुना मार्च १९७२ मध्ये उडाला, पण चाळीसच्या आसपास विमाने बनून काम थांबले. खामगाव-मलकापूरच्या कपाशीच्या पट्ट्याकडे पाहिले तर त्याची मर्यादा लक्षात येते. फवारणीच्या विमानाला एकाच पिकाची सलग मोठी राने लागतात. इथे दोन-चार एकरांचे तुकडे, बांधावर झाडे, मधोमध विहिरी आणि वस्त्या, आणि एकाच्या कपाशीशेजारी दुसऱ्याचे वेगळेच पीक. अशा रानावर वरून विष टाकणे ना किफायतशीर, ना सुरक्षित.

घाटगे यांचे लक्ष या काळात जेट विमानांकडे वळले होते. कुर्ट टांक या जर्मन रचनाकाराच्या नेतृत्वाखालील मारुत हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले, त्या कामातही घाटगे यांचा वाटा होता. किरणची रचना त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झाली. ते ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले आणि हवाई दलात दीर्घकाळ राहिले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

निव्वळ ग्लायडरचे काम मात्र बंगळुरूहून दिल्लीला गेले. नागरी विमान खात्याच्या तंत्र केंद्रात एस. राममृतम यांनी अश्विनी, रोहिणी आणि कार्तिक ही ग्लायडरे आखली. रोहिणी १० मे १९६१ रोजी आणि स्पर्धेच्या दर्जाचे कार्तिक १८ मार्च १९६३ रोजी उडाले. रोहिणीत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी बसत, त्यामुळे ती देशभरच्या ग्लायडिंग केंद्रांची रोजच्या वापरातली साथीदार झाली. पुण्याजवळ हडपसरला असे केंद्र आहे. तिथे विंचने दोर गुंडाळून ग्लायडर वर खेचतात आणि पुरेशी उंची मिळाली की वैमानिक दोर सोडतो.

हँग ग्लायडर हा या कुळातला अगदी हलका आणि बराच उशिरा आलेला प्रकार. लिलिएन्थालची कल्पना अर्धशतक पडून राहिली, कारण त्याच्या यंत्रात माणूस बगलांवर लोंबकळे आणि शरीर फारसे हलवू शकत नसे. फ्रान्सिस रोगॅलो यांनी १९४८ मध्ये शिडाच्या कापडाचा लवचीक त्रिकोणी पंख तयार केला. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्राफ्टन येथे जॉन डिकन्सन यांनी त्या पंखाखाली त्रिकोणी दांडा बसवला आणि माणसाला गुरुत्वमध्याजवळ लंबकासारखे टांगले. दांडा पुढे लोटला की शरीर मागे जाते, नाक उचलते आणि वेग घटतो. दांडा ओढला की उलटे. सुकाणू, शेपूट, नियंत्रणाच्या तारा, पॅडल यांतले काहीच लागत नाही. यंत्राचे वजन एका माणसाला खांद्यावर नेता येईल इतके उरते. १९७५ मध्ये अमेरिकेत जॉन मूडी यांनी अशा ग्लायडरला छोटे इंजिन बांधले आणि आजच्या अल्ट्रालाइटची सुरुवात झाली. अमेरिकेने १९८२ च्या नियमांत अशा एकआसनी यंत्राच्या रिकाम्या वजनाची मर्यादा २५४ पौंड, म्हणजे सुमारे ११५ किलो ठेवली आणि त्या मर्यादेत परवान्याची अट काढून टाकली. भारताने ही वाट घेतली नाही. इथे मायक्रोलाइटलाही नोंदणी आणि परवाना लागतो. महाराष्ट्रात डोंगरावरून उडण्याचा छंद कामशेतच्या परिसरात रुजला, पण तो मुख्यतः पॅराग्लायडिंगच्या रूपात, आणि पंख बहुतेक परदेशी बनावटीचे.

इतकी चांगली सुरुवात होऊनही परंपरा का खंडित झाली, याची दोन कारणे दिली जातात: सरकारी कारखान्याने जेटकडे लक्ष वळवले आणि क्लबांकडे पैसा उरला नाही. दोन्ही खरी आहेत. तिसरे कारण मात्र अधिक खोल आहे. एचटी-२ वर ब्रिटिश इंजिन होते. पुष्पक, कृषक आणि बसंत यांच्यावर अमेरिकी. ९० अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन बंगळुरूत तयार करून पाहिले गेले होते, पण ते उत्पादनात गेले नाही. हलक्या विमानाच्या किमतीचा मोठा भाग इंजिनात असतो आणि त्याचे सुटे भागही परकीय चलनात येत. परकीय चलनाच्या टंचाईच्या वर्षांत एखादा व्हॉल्व्ह किंवा मॅग्नेटो मिळेपर्यंत विमान हँगरमध्ये पडून राही. त्यात विमानाचे खास पेट्रोल महाग. सांगाड्याची रचना घाटगे यांच्या तुकडीने पूर्ण आत्मसात केली, इंजिनाची कोणी केली नाही, आणि विमानाचे आयुष्य इंजिनानेच ठरवले.

नियमांचा प्रश्न कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. त्या वेळी जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली, तर उडवून पाहण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्यानंतर चाचण्यांसाठी विमान धुळ्याला गेले. घरी बांधलेल्या विमानाची तपासणी कडकच हवी, कारण ते लोकांच्या डोक्यावरून उडते. पण अमेरिका आणि युरोपात अशा रचनाकाराला पहिल्याच दिवशी कळते की कोणते कागद, कोणती चाचणी आणि किती तासांचे उड्डाण लागेल. इथे त्या वाटेवर आधी कोणी चाललेले नसल्याने एका माणसाची उमेदीची वर्षे वाट शोधण्यात गेली.

नव्या शतकात गरज पुन्हा उभी राहिली, तेव्हा ती आयातीने भागवली गेली. २०१५ मध्ये स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून १९४ मायक्रोलाइट विमाने घेण्याचा करार झाला. त्यातली ११० राष्ट्रीय छात्र सेनेसाठी होती, म्हणजे पुष्पक ज्या वयाच्या मुलांसाठी बनले होते त्याच वयाच्या मुलांसाठी. दुसरीकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हंसा या दोन आसनी विमानाचे काम नेटाने चालू ठेवले आहे. त्याचा पहिला नमुना १९९३ मध्ये उडाला आणि सुधारित हंसा-एनजी ३ सप्टेंबर २०२१ रोजी. सांगाडा कंपोझिटचा, रचना भारतीय. इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचे.